पावणेतेरा सेकंद

लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर २३ ऑगस्ट १८८६ रोजी वॉल्टर जॉर्ज एक मैल धावला. वेळ लागली ४ मिनिटे पावणेतेरा सेकंद. जगात तोवर इतक्या कमी वेळात मैल धावल्याची नोंद नव्हती. मला मात्र त्या वेगाइतकंच कुतूहल वाटतं ते त्यातल्या पाऊण सेकंदाचं. तो मोजला कसा?

यंत्रघड्याळाचा काटा सरकत नाही, टिकटिक करत उड्या मारतो. आतलं चक्र तासाला १४,४०० ठोके देत असेल तर सेकंदाला चार उड्या होतात आणि वेळ पाव, अर्ध्या, पाऊण सेकंदात वाचता येते. ठोके १८,००० असतील तर सेकंदाचे पाच भाग पडतात. जॉर्जचाच १८८४चा हौशी विक्रम ४ मिनिटे १८ पूर्णांक दोन पंचमांश सेकंद असा नोंदला आहे. म्हणजे एकाच माणसाचे दोन विक्रम दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले!

घड्याळ चांगलं असून भागत नसे. शंभर यार्डांच्या शर्यतीत पिस्तूल सुरुवातीच्या रेषेवर उडे आणि वेळ मोजणारा शेवटच्या रेषेवर उभा असे. आवाजाला ते ९१ मीटर कापायला जवळपास ०.२७ सेकंद लागतात, म्हणजे घड्याळाच्या एका उडीपेक्षा जास्त. आवाज ऐकून बटण दाबलं, तर धावपटूला तेवढा वेळ फुकट मिळणार. म्हणून नजर ठेवायची ती पिस्तुलाच्या ठिणगीवर आणि धुरावर.

ही सगळी मोजमापं ज्या स्पर्धांमधून रुळली, त्या प्रामुख्याने हौशी मंडळींच्या. १८६६ साली लंडनमध्ये हौशी ॲथलेटिक क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्याने अजिंक्यपद स्पर्धाही भरवली. त्याच्या सुरुवातीच्या नियमांनी यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना दार बंद केलं होतं. अंगमेहनतीमुळे त्यांना आयताच फायदा मिळतो, हे त्यासाठी दिलं जाणारं एक कारण. हा अन्याय तर होताच, पण विज्ञानाच्या नजरेनेही मोठी चूक होती. माणूस किती वेगाने धावू शकतो हे शोधायचं आणि निम्म्याहून अधिक माणसं मोजायचीच नाहीत! २४ एप्रिल १८८० रोजी ऑक्सफर्डमध्ये नवी संघटना स्थापन झाली, तेव्हा ती अट गेली. पैशाची अट, म्हणजे धावून पैसे कमवायचे नाहीत ही, राहिली.

जॉर्ज वूस्टरमध्ये औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणारा मुलगा. धावायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाच त्याने ४ मिनिटे १२ सेकंदांत मैल धावण्याचं वेळापत्रक मांडलं होतं. त्या काळातला हौशी विक्रम त्याहून बारा सेकंदांनी मागे होता. १८८० ते १८८४ या काळात त्याने स्वतःचीच वेळ जवळपास पाच सेकंदांनी उतरवली. मग स्कॉटलंडच्या विल्यम कमिंग्ज या धंदेवाईक धावपटूशी गाठ घ्यायची होती. हौशी राहून ते जमेना, म्हणून तो धंदेवाईक झाला.

१८८६च्या त्या शर्यतीचे चार पाव मैल पाहा: साडेअठ्ठावन्न, सव्वात्रेसष्ट, सहासष्ट, पासष्ट सेकंद. पहिला जोर ओसरल्यावर तो पुढे जवळपास एकाच चालीने धावला आहे. शेवटच्या टप्प्यात कमिंग्ज मुसंडी मारून पुढे गेला. जॉर्जने हिशेब सोडला नाही, त्याला पुन्हा गाठलं आणि कमिंग्ज शेवटच्या रेषेआधीच कोसळला.

स्नायूंना मिळणाऱ्या प्राणवायूला मर्यादा असते. त्यापलीकडची ऊर्जा प्राणवायूविना साखर फोडून मिळते, पण त्यासोबत स्नायूंत आम्लता वाढते आणि त्यांचा जोर उतरतो. हे उसनं मोजूनमापून शर्यतभर पुरवायचं असतं. आधीच दमलेल्या पायांनी एकदम मुसंडी मारली, तर ते काही क्षणांत संपतं. या रसायनाची उकल प्रयोगशाळांत विसाव्या शतकात झाली. जॉर्जने मात्र घड्याळ हातात घेऊन त्याचं व्यवहारातलं उत्तर आधीच काढलं होतं.

त्याची वेळ मोडायला १९१५ साल उजाडलं. अमेरिकेच्या नॉर्मन टेबरची नोंद ४ मिनिटे १२.६ सेकंद अशी झाली. फरक ०.१५ सेकंदाचा, जॉर्जच्या घड्याळाच्या एका ठोक्याहूनही कमी.