‘शस्त्रक्रिया झाली का?’ या प्रश्नामागचा कायद्याचा इतिहास

पारलिंगी स्त्रीला, म्हणजे जन्मवेळी पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्तीला, तिच्या लिंगसंक्रमणाबद्दल आणि त्यानंतरच्या आयुष्याबद्दल जे प्रश्न विचारले जातात, ते वरवर पाहता खाजगी कुतूहलातून आलेले वाटतात. औषधे केव्हा सुरू केली, घरच्यांनी स्वीकारले का, नोकरी टिकली का, लग्न करता येते का, असे ते प्रश्न असतात. बोलणे कोठूनही सुरू झाले तरी बहुतेक वेळा ते ‘शस्त्रक्रिया झाली का?’ या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. विचारणाऱ्याची अनभिज्ञता हे त्याचे एक कारण असले, तरी त्याहून मोठे कारण सरकारी दफ्तरात आहे. शरीराचा पुरावा मागण्याची सवय या देशात कायद्याने लावली, न्यायालयाने ती मोडण्याचा प्रयत्न केला आणि पुढच्या कायद्याने ती दुसऱ्या दाराने परत आणली. 2025 पर्यंतच्या या घडामोडी ठाऊक असल्याशिवाय पारलिंगी स्त्रियांची उत्तरे नीट समजत नाहीत.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पेशवाईत दख्खनमधील हिजडा समाजाला गावोगाव भिक्षा मागण्याचे आणि काही ठिकाणी जमिनीचे हक्क मिळाल्याच्या नोंदी आहेत. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भिक्षेच्या हक्काची पाठराखण नाकारली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग याच समाजाविरुद्ध होता. वायव्य प्रांतांत (आजच्या उत्तर प्रदेशाच्या बऱ्याच भागात) त्याची अंमलबजावणी विशेष कसोशीने झाली. संशयितांची नोंदवही ठेवणे, स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास किंवा नाचल्यास शिक्षा करणे, मूल दत्तक घेण्यास व मृत्युपत्र करण्यास मनाई करणे, अशा तरतुदी त्यात होत्या. सर्वांत महत्त्वाची होती ती व्याख्या. जो स्वतः नपुंसक असल्याचे कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट दिसतो, त्याला हा कायदा लागू होत असे. माणूस कोण आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टरने त्याचे शरीर उघडे करून पाहावे, ही कल्पना भारतीय कायद्यात अशी शिरली. तो भाग 1911 मध्ये गळला, पण हैदराबाद संस्थानाने 1919 मध्ये त्याच धर्तीचा स्वतंत्र कायदा केला. आजचा मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. तेलंगणात हा कायदा पुस्तकात राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने तो रद्द केला 2023 मध्ये.

दुसरीकडे, स्वेच्छेने शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्यांच्या वाटेत 1860 ची दंडसंहिता उभी होती. तिच्या 320 व्या कलमात ‘गंभीर दुखापती’ची यादी पुंसत्व नष्ट करण्यापासूनच सुरू होत असे. रुग्णाची संमती असताना, तिच्या हितासाठी सद्‌हेतूने केलेल्या उपचारांना त्याच संहितेत संरक्षण असले तरी अनेक डॉक्टर धजावत नसत. मग ज्यांना शरीर बदलायचे होते, त्यांच्यापुढे ‘निर्वाण’, म्हणजे हिजडा समाजात रुग्णालयाबाहेर होणारी जननेंद्रिये काढण्याची क्रिया, हाच मार्ग उरे आणि त्यात अनेकींनी जीव गमावला. तामिळनाडूने 2008 मध्ये कल्याण मंडळ स्थापून व सरकारी रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रियेची सोय करून वेगळा रस्ता दाखवला. 2009 च्या अखेरीस मतदार नोंदणीत ‘इतर’ हा पर्याय आला. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ रकान्यात 4,87,803 व्यक्तींची नोंद झाली.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिलेला निकाल हा या इतिहासाचा मध्यबिंदू आहे. त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच निघाला. एका इंग्रज न्यायालयाने 1970 मध्ये एका विवाहाच्या खटल्यात असे ठरवले होते की व्यक्तीचे लिंग जन्मवेळच्या शरीरावरून कायमचे निश्चित होते, नंतरच्या शस्त्रक्रियेने ते बदलत नाही. भारतीय पीठाने ही जैविक कसोटी स्पष्टपणे नाकारली आणि व्यक्तीच्या मानसिक जाणिवेला प्राधान्य दिले. पुरुष, स्त्री किंवा तृतीयलिंगी यांपैकी आपण कोण, हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे आणि केंद्र व राज्य सरकारांनी त्याला कायदेशीर मान्यता द्यावी, असा आदेश झाला. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक आणि बेकायदेशीर आहे, असेही स्पष्ट शब्दांत नोंदवले गेले. यापेक्षा निःसंदिग्ध वाक्य सापडणे कठीण आहे.

मात्र त्याच निकालपत्रात दुसरी एक धारही होती. वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे एखाद्या व्यक्तीने आपल्या जाणिवेनुसार शरीर बदलून घेतले असेल, तर बदललेल्या लिंगाला मान्यता देण्यात कायद्याची कोणतीही अडचण दिसत नाही, असे दुसऱ्या न्यायमूर्तींच्या मतात म्हटले होते. हा परिच्छेद शस्त्रक्रिया झालेल्यांना दिलासा देण्यासाठी लिहिलेला होता, शस्त्रक्रिया न झालेल्यांना वगळण्यासाठी नव्हे. निकाल एकसंध वाचला तर याबद्दल शंका उरत नाही. पण सरकारी यंत्रणेला दोन ओळींपैकी अधिक सावध ओळ उचलणे नेहमीच सोयीचे वाटते. त्यामुळे ‘तृतीयलिंगी’ ही नोंद स्वतःच्या शब्दावर मिळेल, पण ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ व्हायचे तर रुग्णालयाचा कागद आणा, असा अर्थ हळूहळू रुजला.

संसदेतील प्रवासात हा अर्थ घट्ट झाला. 24 एप्रिल 2015 रोजी राज्यसभेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलचे एका विरोधी सदस्याचे खाजगी (सरकारने न मांडलेले) विधेयक मंजूर केले. खाजगी विधेयक सभागृहात संमत होण्याची ती अनेक दशकांतील पहिली वेळ होती. त्याऐवजी सरकारने 2016 मध्ये स्वतःचे विधेयक आणले. पारलिंगी व्यक्ती म्हणजे पूर्ण स्त्री नाही आणि पूर्ण पुरुषही नाही, अशी व्याख्या त्यात होती. ओळख तपासण्यासाठी जिल्हा छाननी समिती होती आणि त्या समितीवर मुख्य वैद्यकीय अधिकारी व मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांना बसवले होते. 1871 च्या तपासणीची छाया त्या मसुद्यावर होती असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. संसदीय स्थायी समितीने 2017 मध्ये त्या व्याख्येवर टीका केली. रस्त्यावर उतरलेल्या पारलिंगी समाजाने भिक्षा मागण्याशी जोडलेल्या दंडाच्या तरतुदीविरुद्धही आवाज उठवला. डिसेंबर 2018 मध्ये लोकसभेने दुरुस्त्यांसह संमत केलेले हे विधेयक लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले.

नवे विधेयक 2019 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत आणि नोव्हेंबरमध्ये राज्यसभेत मंजूर झाले. 10 जानेवारी 2020 पासून कायदा लागू झाला. छाननी समिती आणि भिक्षेची तरतूद वगळली गेली, हे आंदोलनाचे यश होते. व्याख्याही सुधारली. शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार (हार्मोनचे उपचार) किंवा लेझर उपचार झालेले असोत वा नसोत, पारलिंगी स्त्री ही कायद्याच्या व्याख्येत बसते, असे त्यात शब्दशः लिहिले होते. कलम 4 ने स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क दिला. कलम 5 व 6 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ओळखीचे प्रमाणपत्र मिळू लागले. येथपर्यंत कायदा निकालाच्या मागोमाग चालला. कलम 7 ने मात्र वळण घेतले. हे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल, तर शस्त्रक्रिया झाल्याचा दाखला संबंधित रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आणावा लागे आणि तो खरा असल्याबद्दल जिल्हाधिकाऱ्यांचे समाधान व्हावे लागे. ज्या कायद्याच्या व्याख्येने शस्त्रक्रियेला अप्रस्तुत मानले, त्याच कायद्याच्या सातव्या कलमाने तिला दार उघडण्याची किल्ली बनवले.

या कलमाच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद असा की केवळ शपथपत्रावर नोंद बदलू दिली तर राखीव जागा, तुरुंग व वसतिगृहे यांबाबत खोटे दावे होतील. काळजी गैर नाही, पण उपाय चुकीच्या जागी लावला आहे. खोट्या शपथपत्राला शिक्षा पूर्वीपासून आहे. उलट मधुमेह, हृदयविकार किंवा पैशांची अडचण यांमुळे ज्यांना शस्त्रक्रिया शक्य नाही, किंवा ज्यांना ती नकोच आहे, अशा स्त्रियांना या कलमाने कायम अर्ध्या वाटेवर उभे केले. सप्टेंबर 2020 च्या नियमांनी धार थोडी बोथट केली. आधीच्या मसुद्यातील मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाची अट काढली, पहिल्या प्रमाणपत्रासाठी कोणतीही शारीरिक तपासणी होणार नाही असे लिहिले आणि ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ या शब्दात समुपदेशन व संप्रेरकोपचार यांचाही समावेश केला. मूळ कलमात शस्त्रक्रिया आणि नियमांत त्याहून व्यापक हस्तक्षेप, अशा या जोडीचा अर्थ लावण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयातील टेबलावर येऊन पडले. अर्जदार स्त्रीला तेथे काय विचारले जाईल, हे त्या टेबलामागे कोण बसले आहे यावर अवलंबून राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका 2020 पासून सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणांत हाच ताण उघड दिसतो. डिसेंबर 2020 मध्ये जळगाव जिल्ह्यातील भादली येथे एका पारलिंगी स्त्रीने ग्रामपंचायतीच्या महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. तो निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 रोजी 2014 चा निकाल आणि कलम 4 यांच्या आधारे तो अर्ज ग्राह्य ठरवला. तिने स्त्री ही ओळख निवडली आहे आणि सोयीसाठी ती बदलणार नाही, हे तिचे निवेदन न्यायालयाने नोंदवले. ती निवडूनही आली. मार्च 2023 मध्ये त्याच उच्च न्यायालयापुढे एका पारलिंगी स्त्रीच्या पोटगीचे प्रकरण होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील ‘पीडित व्यक्ती’त तिचा समावेश होतो, असा निर्णय तिच्या बाजूने लागला. मात्र त्यातील तर्क शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या व्यक्तीला धरून चालतो. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु गावच्या निवडणुकीला जी ओळख पुरेशी ठरते, ती घरातील मारहाणीपासून संरक्षण मिळवताना पुरेशी आहे की नाही, हे दुसऱ्या निर्णयाने मोकळे ठेवले. ज्या स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली नाही, तिला मार थोडाच कमी लागतो!

वैद्यकशास्त्र या काळात कायद्याहून वेगाने बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने लिंगविसंगती (जन्मवेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची जाणीव यांतील तफावत) मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. ही आवृत्ती 2019 मध्ये स्वीकारली गेली आणि 2022 पासून लागू झाली. 2022 च्या आंतरराष्ट्रीय उपचार-मानकांनी जननेंद्रियांवरील शस्त्रक्रियेपूर्वी दोन तज्ज्ञांच्या पत्रांऐवजी एकच पुरेसे मानले. लिंगसंक्रमण म्हणजे एका दिवसाची शस्त्रक्रिया नव्हे, हे डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले आहेत. संप्रेरकांचा परिणाम महिन्या-वर्षांनी दिसतो, इस्ट्रोजेनने आवाज बदलत नाही, चेहऱ्यावरील केसांसाठी वेगळे उपचार लागतात आणि रक्ततपासण्या व हाडांच्या घनतेकडे पुढे अनेक वर्षे लक्ष द्यावे लागते. त्यामुळे ‘सगळे पूर्ण झाले का?’ या प्रश्नाला अनेकींकडे एका शब्दात देण्यासारखे उत्तर नसते. फेब्रुवारी 2022 मध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी आलेल्या केंद्रीय योजनेत आणि त्याच वर्षी तिला जोडलेल्या आरोग्य विम्यात वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण व लिंगसंक्रमणाशी संबंधित उपचारांचा समावेश आहे. ते मिळवण्यासाठी तेच प्रमाणपत्र लागते. उपचाराचा मार्ग कागदातून जातो आणि ‘स्त्री’ या नोंदीचा कागद उपचारातून. ही साखळी जिला तोडता येत नाही, तिच्या हाती काहीच उरत नाही.

संक्रमणानंतरच्या आयुष्याबद्दल न्यायालये गेल्या काही वर्षांत वारंवार बोलली आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीचा समावेश होतो असे ठरवले. समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने भिन्नलिंगी संबंधांतील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली विवाहाचा हक्क असल्याचे मान्य केले. पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री व पुरुष याखेरीज तिसरा पर्याय ठेवण्यासाठी महाराष्ट्र सरकारला 2022 च्या अखेरीस न्यायालयीन आदेशांना सामोरे जावे लागले. ऑक्टोबर 2025 मध्ये, दोन राज्यांतील खाजगी शाळांनी नोकरी नाकारलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली, 2019 च्या कायद्याच्या अंमलबजावणीतील उदासीनतेवर कठोर शब्दांत बोट ठेवले आणि समान संधीचे धोरण तयार करण्यासाठी समिती नेमली. नोकरीच्या ठिकाणी नाव व लिंगनोंद कशी बदलावी, हाही त्या समितीपुढील विषय होता. कलम 7 मधील शस्त्रक्रियेच्या अटीला हात न लावता त्याचे उत्तर कसे देता येईल, हे समितीला आधी ठरवावे लागणार होते.