हीलिंगची कविता आणि दुःखाची कविता: शेल्फ एकच, पुस्तकं वेगळी

काळं कव्हर, त्यावर पांढऱ्या रेघेत काढलेलं एखादं फूल नाहीतर तुटकं काळीज, नावात रात्र, जखम नाहीतर राख, आणि आत पानावर चार ओळी नि बाकी सगळी मोकळी जागा. पणजी-मडगावच्या दुकानात कवितेच्या शेल्फपाशी उभं राहिलं की असली पुस्तकं हमखास हाताला लागतात, इन्स्टावर तर विचारूच नका. गोची अशी की ह्या एकसारख्या दिसणाऱ्या पुस्तकांत दोन वेगळ्या जातीची पुस्तकं मिसळलेली असतात. दुकानदार एकत्र ठेवतो, अल्गोरिदम एकत्र दाखवतं, आणि मैत्रिणीच्या घरी काही वाईट घडलं की आपणही "दुःखावरचं काहीतरी द्या हो" म्हणून जे मिळेल ते उचलतो, आणि मग ती मैत्रीण चार पानं वाचून पुस्तक बाजूला ठेवते आणि आपल्याला कळतच नाही की का.

तर ह्यातली एक हीलिंगची कविता आणि दुसरी दुःखाची कविता. दोन्हीत अंधार असतो, दोन्हीत रडणं असतं, कधीकधी शेवटी उजेडही असतो. तरी काम वेगळं.

हीलिंगच्या पुस्तकाचा नमुना म्हणून कॅनडातल्या पंजाबी कवयित्री रूपी कौरचं "मिल्क अँड हनी" घ्या, कारण हा सगळा साचा जगभर पोचला तो त्याच्यामुळे. २०१४ साली तिने ते स्वतःच छापलं, मग प्रकाशकाने घेतलं आणि पुढचं सगळ्यांना माहितीय. त्याचे भाग चार: आधी दुखणं, मग प्रेम, मग तुटणं, मग बरं होणं. २०१७ च्या दुसऱ्या पुस्तकात पाच भाग, झाड कोमेजतं तिथून सुरू होतं आणि फुलतं तिथे संपतं. म्हणजे अनुक्रमणिका बघूनच कळतं की आपल्याला कुठे नेऊन सोडणार आहेत. हा जिना आहे, पायरी चढायची, वर पोचायचं. (ती सगळं लहान अक्षरांत लिहिते आणि पूर्णविराम सोडून दुसरं चिन्ह वापरत नाही, कारण गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, मोठी-लहान अक्षरं नसतात. आपल्या देवनागरीतही नसतात, म्हणजे तिची ती स्टाइल आपल्या पोरांना फुकटातच मिळालेली.)

दुःखाच्या कवितेच्या पुस्तकात जिना नसतो. पण नुसत्या क्रमाने केवढा फरक पडतो ह्याचं उदाहरण फार जबरदस्त आहे आणि ते सिल्व्हिया प्लाथ ह्या अमेरिकन कवयित्रीचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्लाथ फेब्रुवारी १९६३ मध्ये गेली, तिने स्वतःच जीव दिला. टेबलावर "एरियल" ह्या संग्रहाचं हस्तलिखित तयार होतं, कवितांचा क्रम तिने स्वतः लावलेला. १९६५ मध्ये ते पुस्तक आलं ते तिचा नवरा टेड ह्यूजने संपादित करून, त्याने काही कविता काढल्या, काही नंतरच्या घातल्या, क्रम बदलला. त्यामुळे छापील पुस्तकाच्या शेवटाकडे तिच्या अगदी अखेरच्या दिवसांतल्या, थंडगार, मृत्यूजवळच्या कविता आल्या आणि वाचणाऱ्याला वाटायला लागलं की हे पुस्तक म्हणजे सरळ त्या शेवटाकडे जाणारा रस्ता. आता तिचा स्वतःचा क्रम बघा. पहिल्या कवितेचा पहिला शब्द "प्रेम", ती नव्याने जन्मलेल्या बाळाची कविता. आणि शेवट मधमाश्यांच्या कवितांवर, हिवाळा काढणाऱ्या माश्या, आणि अगदी शेवटचा शब्द "वसंत". तिने हे मुद्दाम केलेलं, तसं तिने नोंदवूनही ठेवलंय. तिचा क्रम छापून यायला २००४ उजाडलं, मुलगी फ्रीडाच्या प्रस्तावनेसकट.

म्हणजे बहुतेक कविता त्याच, आणि एका क्रमात ते अंधाराचं पुस्तक, दुसऱ्या क्रमात हिवाळा काढणाऱ्या बाईचं. मग तिचा क्रम वाचला की "एरियल" हीलिंगचं पुस्तक होतं का? माझ्या मते नाही होत. कारण वसंत येतो तो शेवटच्या शब्दात, तोही माश्यांना चव लागते एवढाच, कवयित्री "आता मी बरी आहे, तूही होशील" असं कुठे म्हणत नाही. वाचणाऱ्याकडे बघतही नाही ती.

आणि हीच माझ्या मते खरी खूण. पुस्तकात उजेड किती आणि अंधार किती हे मोजत बसू नका, कवितेतली "तू" कोण आहे ते बघा.

हीलिंगच्या कवितेतली "तू" म्हणजे तुम्ही, वाचणारे. तुला कमी लेखलं गेलं, तू पुरेशी आहेस, तू उठशील वगैरे. ती तुमच्याशी बोलत असते म्हणून तिला तपशील फार ठेवून चालत नाही, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव, कुठल्या महिन्यात घडलं, हे आलं की ते एकाच बाईचं होतं आणि बाकीच्या लाखभर बायका बाहेर राहतात. म्हणून जागा मोकळी ठेवलेली, आपलं दुःख आपण आणून भरायचं. काही टीकाकार ह्याला सोपेपणा म्हणून हिणवतात, मला ते पूर्ण पटत नाही. जिच्यावर जबरदस्ती झालीय आणि जिने ते कधी कोणाला सांगितलेलं नाही, तिला चार ओळींत कोणीतरी "हे तुझ्या चुकीने झालं नाही" असं म्हणणं ही छोटी गोष्ट नाही, तिथे प्रतिमा-बिमा नको असतात. आणि मराठीला हे काही नवीन नाही. नव्वदच्या दशकात चंद्रशेखर गोखल्यांच्या "मी माझा" मधल्या चारोळ्या कॉलेजातली पोरं वह्यांत उतरवून काढायची, एकमेकांना कार्डावर लिहून द्यायची. म्हणजे इन्स्टा यायच्या आधीच आपल्याकडे चार ओळींचा धंदा तेजीत होता.

आता इंदिरा संत घ्या. बेळगावच्या, म्हणजे चोर्ला घाट चढून गेलं की आपल्या शेजारच्याच. १९४० मध्ये त्यांचा आणि नवऱ्याचा, ना. मा. संतांचा, मिळून "सहवास" हा संग्रह आला. १९४६ मध्ये नवरा गेला. पुढचा संग्रह "शेला" १९५१ चा, मग "मेंदी", "मृगजळ", "रंगबावरी" आणि १९८२ मध्ये "गर्भरेशीम", ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतक्या वर्षांच्या कवितेत "तू" पुन्हा पुन्हा येतो आणि तो "तू" म्हणजे आपण नव्हे, तो गेलेला माणूस. आपण त्या खोलीत नाहीच, दारातून ऐकतोय. आणि तरीही, किंवा म्हणूनच, ज्यांचं कोणी गेलंय त्यांना ती कविता इतकी लागते, कारण ती सांत्वन करायला येत नाही. तिला आपल्याकडून काही नकोय, आपण बरे झालो की नाही ह्याचीही तिला पडलेली नाही, ती आपल्या कामात आहे.

माझी भाची म्हणते, मावशी, हे फारच कडक आहे, इतकी वर्षं दुःखच करत बसायचं का. पण ते "बसणं" नाही ना. "शेला" पासून "गर्भरेशीम" पर्यंत भाषा बदलत गेलीय, दुःखही तेच राहिलेलं नाही, फक्त कुठल्याच पानावर "आता संपलं" असा शिक्का मारलेला नाही.

तपशिलाचं म्हटलं तर एक अलीकडचं उदाहरण गोंयकारांना तर फारच जवळचं वाटेल. आपल्याकडे सकाळी पेपर आला की कित्येक घरांत पहिल्यांदा निधनवार्तांचं पान उघडतात, कोण गेलं, कुठल्या वाड्यावरचं, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार, आणि किती वाजता नेणार. व्हिक्टोरिया चँग ह्या अमेरिकन कवयित्रीने "ओबिट" (२०२०) हा अख्खा संग्रह ह्याच साच्यात लिहिला, पेपरातल्या निधनवार्तेसारखे अरुंद कॉलम. आई गेली आणि वडिलांना आधीच स्ट्रोक येऊन बोलणं-ओळखणं बिघडलेलं. पण निधनवार्ता फक्त आईची नाही, आईच्या दातांची वेगळी, निळ्या ड्रेसची वेगळी, भुकेची वेगळी. एक माणूस गेलं की त्याच्याबरोबर किती वस्तू आणि सवयी मरतात त्याचा हिशोब, तोही कोरड्या पेपरी भाषेत. ही दुःखाची कविता आणि अगदी अव्वल, पण मी ती बाराव्याच्या आत कोणाच्या हातात देणार नाही. त्या दिवसांत माणसाला चार ओळीच झेपतात, आणि तिथे हीलिंगवाल्या पुस्तकांचा खरा उपयोग आहे, हे कबूल करायला हवं.

सीमारेषेवरच्या कविताही असतात म्हणा. कुसुमाग्रजांची "कणा" बघा, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली आणि प्रत्येक पुरानंतर व्हॉट्सॅपवर फिरणारी. शेवट उभारी देणारा, पोस्टरवर छापावा असा, म्हणजे हीलिंगच. पण त्या शेवटाला वजन येतं ते आधीच्या तपशिलाने, खचलेली भिंत, विझलेली चूल, चिखल, आणि समोर बसलेले सर. तो चिखल काढून टाका आणि नुसता शेवट ठेवा, मग तो कुठल्याही कॅलेंडरवरचा सुविचार होतो. व्हॉट्सॅपवर नेमकं हेच होतं, शेवट तेवढा येतो.

आणि अंधाराबद्दल बोलायचं तर गोव्यात बोरकर-रामाणींशिवाय कसं चालेल. बोरकरांना आनंदयात्री म्हणतात, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं गोव्याची मराठी कविता म्हणजे माड, समुद्र, चांदणं. पण शंकर रामाणींची "कातरवेळ" (१९५९) पासूनची कविता वाचा, मराठीतही लिहिलं आणि कोंकणीतही, कोंकणीसाठी साहित्य अकादमीही मिळाली, आणि सगळीकडे ती सावळी, कमी बोलणारी, आत जाणारी भाषा. "तमाच्या तळाशी दिवे लागले" ही त्यांची ओळ गाण्यामुळे माहीत असते, कवीचं नाव पुष्कळांना माहीत नसतं. ह्या ओळीत दिवे कुठे लागलेत बघा, तमाच्या तळाशी. हीलिंगच्या पुस्तकात अंधार आधीच्या भागात आणि दिवा शेवटच्या भागात, अंधार ओलांडला की बक्षीस म्हणून उजेड. रामाणींकडे खाली उतरल्याशिवाय तो दिवा दिसत नाही आणि तो लागला म्हणून अंधार गेलाय असंही नाही. दोन्ही पुस्तकांत उजेड आहे हे खरं, पण त्याची जागा वेगळी, म्हणून तर गफलत होते.

ग्रेसांचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्यांच्यावरून भांडण होतं. दुर्बोध, दुर्बोध म्हणून ओरडायचं आणि "ती गेली तेव्हा" मात्र डोळे मिटून गुणगुणायचं, त्यातली "ती" आई आहे हे कवितेत सरळ लिहिलेलं असूनही अर्ध्या लोकांना ती प्रेयसी वाटते. पण बघा ना, कळल्याशिवायही माणसं रडतात. हीलिंगच्या कवितेला हे परवडत नाही, तिला कळावंच लागतं, पहिल्या वाचनात.

"कविता लिहिल्याने, वाचल्याने माणूस बरा होतो" हेही सर्रास ठोकून दिलं जातं, त्याबद्दल थोडं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज १५ मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. काहींनी नुसत्या भावना लिहायच्या, काहींनी नुसतं काय घडलं ते, काहींनी दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्या लिहिल्या मात्र त्यांना बरं नव्हे, आणखी वाईट वाटत होतं. हा प्रयोग कवितेवरचा नाही आणि वाचण्यावरचा तर नाहीच, त्यामुळे फार ताणू नये. तरी मला त्यातलं "दोन्ही" फार महत्त्वाचं वाटतं, घडलेलं आणि वाटलेलं एकत्र. चांगल्या दुःखाच्या कवितेत ते असतं, घाईच्या हीलिंगच्या कवितेत घडलेलं गाळून नुसतं वाटलेलं उरतं.

आणि दोन्हीपैकी कुठलंही पुस्तक उपचार नाही, कव्हरवर काहीही छापलेलं असो. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतंय, तर १४४१६ हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट, बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे जा. कविता नंतर वाचता येईल.

बाकी दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं तर कव्हर बघू नका, ब्लर्ब, म्हणजे मागच्या कव्हरवरची स्तुती, तर नकोच. मधलंच कुठलंतरी पान उघडा आणि त्यातली "तू" कोण ते बघा. मग अनुक्रमणिका. मग एखादी वस्तू शोधा, नाव असलेली, दात, ड्रेस, चूल, काहीही. तीन-चार पानांत एकही सापडली नाही तर ते हीलिंगचं, ताजा घाव असलेल्या माणसाला द्यायला ठीक. सापडली तर ते स्वतःसाठी घ्या. आणि रामाणी दुकानात नाही मिळाले तर पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत मराठीबरोबर कोंकणीच्या शेल्फवरही बघा, माणूस दोन्हीकडे आहे.