जामनगरच्या किनाऱ्यावर पक्षी पाहायला जायची तारीख आम्ही तिथी बघून का ठरवतो

दिवाळी झाली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सहलींच्या ऑफिसात दर दोन दिवसांनी एकच बोलणं होतं. ‘अहो, मंगळवारी रजा कोण काढणार? शनिवार-रविवारीच न्या ना!’ मागणी रास्त आहे, पण ती आम्ही नेहमी मान्य करू शकत नाही. त्याचं कारण इथे एकदा सविस्तर सांगतो.

आपल्याला पक्षी पाहायची गोडी लागली ती बहुतेक वढवाण्याला. डभोईजवळचा हा तलाव सयाजीरावांच्या काळात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. तिथलं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. तासभर उशीर झाला तरी पट्टेरी राजहंस काठावर असतातच. हीच सवय घेऊन माणसं समुद्रावर येतात आणि तिथे फसतात.

कच्छच्या आखातात ओहोटीला पाणी फार लांब जातं. उघड्या पडलेल्या चिखलात किडे, शंख, खेकडे असतात, आणि ते टिपायला पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत जातात. अशा वेळी काठावर उभं राहून उत्तम दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पाणी वळलं की चित्र बदलतं. चिखलातल्या पन्हळींतून पाण्याची बारीक जीभ पुढे सरकते, पक्षी चार पावलं मागे येतात, पुन्हा टिपू लागतात, पुन्हा मागे येतात. असं करत तासा-दीड तासात सगळा थवा तुमच्या समोर येतो. काळापांढरा क्रॅब प्लोव्हर खेकडा चोचीत धरून आपटताना आम्ही पाहिला आहे तो अशाच वेळी. पूर्ण भरती झाली की चिखल बुडतो आणि पक्षी उडून मिठागरांकडे विसाव्याला जातात. म्हणजे कामाची वेळ दोन-अडीच तासांची, आणि ती घड्याळात रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

म्हणून आम्ही पुनव किंवा अवस झाल्यावर दोन-तीन दिवसांनी निघतो. त्या दिवसांत ओहोटी सकाळी पूर्ण होते, उधाणामुळे पाणी खूप मागे हटलेलं असतं, आणि दुपारपर्यंत भरती चढते. नराराला, म्हणजे आखातातल्या प्रवाळाच्या पठारावर, चालून यायचं आणि परतताना पक्षी जवळ येताना बघायचे, ही दोन्ही कामं एका सकाळी होतात. अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती; पाणी पुरतं हटतही नाही, आणि ओहोटी येते भर दुपारच्या उन्हात. महिन्यात असे योग दोनच. त्यातला एखादा शनिवार-रविवारी आला की ती सहल आधी भरते.

मूळचे रत्नागिरीकडचे काही काका तिथीला पाऊणने गुणून आम्हाला भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. कोकणात हा हिशेब चालतो, पण आखातात लाट आत शिरेपर्यंत वेळ जातो आणि भरती उशिरा होते. तिथी ठरवायला पंचांग वापरा. वेळ मात्र जिथे जायचं तिथल्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यायची. आम्ही तेच करतो.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं ती. हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होतो आणि ‘चहा-पोहे घेऊनच निघू’ असं कुणीतरी म्हणतं. गेल्या हिवाळ्यात नऊ जणांचा गट असाच पाऊण तास उशिरा निघाला. नराराला पोहोचलो तेव्हा वाटाड्याने पाण्याकडे बघून आत न्यायला नकार दिला. त्याचं बरोबरच होतं. गटातल्या आजी सहा महिने या दिवसाची वाट पाहत होत्या. त्या काठावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तेव्हापासून दशम्या आणि दाण्याची चटणी आम्ही बडोद्याहूनच बांधून नेतो. जामनगरचं हॉटेल सोडायची वेळ आदल्या रात्री सांगतो आणि ती पाळतो. कृपा करून यावर रागावू नका.

दुपारनंतर खिजडियाचं पक्षी अभयारण्य. जामनगरपासून बारा-एक किलोमीटर, सव्वासहाशे हेक्टरांहूनही लहान जागा. नवानगरच्या, म्हणजे जामनगरच्या संस्थानाच्या, राजवटीत खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातला गेला. त्याच्या एका बाजूला गोडं पाणी साठलं, दुसरीकडे खाजण राहिलं. त्यामुळे एकाच बांधावर उभं राहून इकडे गोड्या पाण्यातली बदकं आणि तिकडे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) बघता येतात. डॉ. सालिम अली १९८४ मध्ये इथे आले तेव्हा एका दिवसात १०४ जातींचे पक्षी दिसले होते. आता ही रामसर जागाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, आहे. सूर्य मावळताना क्रौंच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्यांचा आवाज आधी येतो, रांगा मागून दिसतात. ही संध्याकाळ चुकवून बाजारात बांधणी घ्यायला जाऊ नका. खरेदीला दुसऱ्या दिवशी परतताना वेळ ठेवलेला असतो.

रोहित हमखास दिसतील का, असं विचारतात. हमी आम्ही देत नाही. योग्य वेळी योग्य जागी उभं करणं आमच्या हातात आहे.

नराराला चपला चालत नाहीत. प्रवाळ पायाला कापतो. नाडीचे जुने बूट घाला, ते भिजणारच. शंख, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलायचं नाही, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणं आमच्या सहलीत बंद आहे.

आमचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, हे मान्य. गाडीत दहाच माणसं घेतो, स्टँडवरची मोठी दुर्बीण बरोबर असते, आणि वनखात्याच्या परवानग्या आम्हीच काढतो. त्यासाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आठवडाभर आधी द्या. ज्यांनी दुर्बीण कधी धरलेली नाही त्यांच्यासाठी डिसेंबरात वढवाण्याची अर्ध्या दिवसाची फेरी असते. जामनगरचं बुकिंग केलेल्यांकडून तिचे फक्त गाडीभाड्याचे पैसे घेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तारखा, तिथी आणि भरतीच्या वेळांसकट, ऑफिसच्या दारावर लावल्या आहेत. रजेचा अर्ज टाकण्याआधी त्या बघून जा.