केबल फ्रँचाइझ : अमेरिकेतील केबल कंपन्यांवरील स्थानिक देखरेख

केबल दूरचित्रवाणी कंपनीला आपल्या हद्दीतील रस्ते, पदपथ व खांबांच्या रांगा वापरून तारा टाकू देताना अमेरिकेतील शहर, गाव किंवा काउंटी तिच्याशी जो मुदतबंद करार करते, त्याला फ्रँचाइझ म्हणतात. या कराराच्या आधारे कंपनीची सेवा, तिने द्यावयाचे शुल्क आणि स्थानिक जनतेसाठी राखून ठेवायच्या वाहिन्या यांवर जी देखरेख ठेवली जाते, ती म्हणजे केबलचे स्थानिक नियमन. करार देणाऱ्या संस्थेला कायदा ‘फ्रँचाइझ प्राधिकरण’ म्हणतो. बहुतेक ठिकाणी हे प्राधिकरण म्हणजे नगरपरिषदच असते. मॅसॅच्युसेट्समध्ये तो अधिकार शहरात महापौराकडे आणि गावात निवडून आलेल्या मंडळाकडे आहे, तर हवाई व व्हरमाँट या राज्यांत तो पूर्वीपासून राज्य शासनाच्या खात्याकडे किंवा आयोगाकडे आहे. लहान गावांना करार वाचण्यासाठी स्वतंत्र वकील ठेवणे परवडत नाही, म्हणून काही ठिकाणी शेजारची गावे मिळून संयुक्त आयोग नेमतात. ऑरेगनमधील पोर्टलंड आणि त्याच्या आसपासच्या शहरांचा माउंट हूड केबल नियामक आयोग हे त्याचे परिचित उदाहरण होय.

या अधिकाराचे मूळ दूरचित्रवाणीत नसून रस्त्यात आहे, आणि पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच निर्माण झाली. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ गावांत आणि ऑरेगनमधील अ‍ॅस्टोरिया येथे दूरच्या केंद्रांचे प्रक्षेपण नीट पोहोचत नसे. तेव्हा उंचावर एक मोठा अँटेना उभारून तेथून घरोघर तार नेण्याची युक्ती निघाली आणि तिला ‘सामुदायिक अँटेना’ असे नाव पडले. हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राला परवाना संघराज्य सरकार देत असल्यामुळे नगरपरिषदेचा त्याच्याशी संबंध येत नसे. पण तार रस्ता ओलांडते, त्यामुळे वीज, गॅस व टेलिफोन कंपन्यांप्रमाणे केबलवाल्यालाही परिषदेपुढे यावे लागले. सुरुवातीचे करार अगदी त्रोटक असत. तारा जमिनीपासून किती उंच असाव्यात, खोदलेला रस्ता पूर्ववत कोणी करायचा आणि वर्षाकाठी परिषदेला किती रक्कम द्यायची, एवढाच मजकूर त्यांत असे.

केबल केवळ डोंगराळ गावांपुरती न राहता मोठ्या शहरांत शिरू लागली, तेव्हा या कागदाला एकाएकी मोल आले. एका शहरात दोन कंपन्यांनी समांतर तारा टाकणे परवडत नसल्यामुळे करार मिळणे म्हणजे व्यवहारात मक्ताच मिळणे होते. त्यातून भ्रष्टाचार उपजला. टेलिप्रॉम्प्टर या त्या काळच्या अग्रगण्य कंपनीचे प्रमुख अर्विंग कान यांना पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन शहराच्या फ्रँचाइझसाठी १९६६ मध्ये महापौर व दोन नगरसेवकांना लाच दिल्याच्या प्रकरणात १९७१ साली दोषी ठरवण्यात आले. कायद्याच्या कक्षेतील आमिषेही कमी नव्हती. १९८० च्या आसपास मोठ्या शहरांचे करार मिळवण्यासाठी चढाओढ लागली तेव्हा स्थानिक वजनदार मंडळींना कंपनीचे भाग नाममात्र किमतीत देण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिला ‘भाड्याचा नागरिक’ असे उपरोधिक नावही मिळाले. शंभराहून अधिक वाहिन्या, स्टुडिओ, परिषदेच्या इमारतींना जोडणारे स्वतंत्र जाळे, वृक्षलागवड अशी आश्वासने निविदांत भरली जात. करार हाती आल्यावर कंपन्या त्यांतील काही सवलती मागे घेण्यासाठी परत येत, हे विशेष नवलाचे नाही. दोष जितका कंपन्यांचा तितकाच, काहीही मागितले तरी मिळेल असे धरून चालणाऱ्या परिषदांचाही होता.

संघराज्य पातळीवर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार व प्रक्षेपण यांचे नियमन करणाऱ्या संस्थेचा (पुढे ‘आयोग’) केबलवर अधिकार चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मान्य केले. १९७२ च्या नियमांनी आयोगाने स्थानिक शुल्कावर सर्वसाधारणपणे ३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि मोठ्या शहरांतील कंपन्यांना जनतेसाठी वाहिन्या राखण्यास सांगितले. मात्र अशी सक्ती करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा निकाल १९७९ मध्ये लागला. १९८२ साली बोल्डर (कोलोरॅडो) शहराच्या खटल्यात शहरांना आणखी मोठा धक्का बसला : केबल कंपनीच्या विस्ताराला स्थगिती देणारे शहर मक्तेदारीविरोधी कायद्यातून आपोआप सुटत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शहरांना अधिकाराची खात्री हवी होती आणि कंपन्यांना शहरांच्या मागण्यांना आळा हवा होता. दोघांच्या वाटाघाटींतून १९८४ चा केबल संप्रेषण धोरण कायदा आकाराला आला. स्थानिक नियमनाची चौकट आजही मुख्यतः त्याच कायद्याची आहे.

या कायद्याने फ्रँचाइझ देण्याचा स्थानिक अधिकार मान्य केला आणि त्याच्या सीमाही आखल्या. शुल्काची कमाल मर्यादा कंपनीच्या केबल सेवेपासूनच्या एकूण वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्के ठरली. हा पैसा केबलच्याच कामासाठी खर्च करावा असे बंधन नसल्याने तो बहुधा शहराच्या सर्वसाधारण निधीत जातो. कंपनीला ही रक्कम ग्राहकाच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवण्याची मुभा आहे; त्यामुळे ग्राहकाला ती कंपनीने दिलेले रस्त्याचे भाडे न वाटता शहराने लादलेला कर वाटते. सार्वजनिक, शैक्षणिक व शासकीय उपयोगासाठी वाहिन्या आणि त्यांची साधने मागण्याचा हक्क शहरांना मिळाला. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागात अशा सार्वजनिक वाहिन्या १९७१ पासूनच सुरू होत्या. त्यांवर कोणीही रहिवासी कार्यक्रम दाखवू शकतो आणि कंपनीला त्याच्या मजकुरात हात घालता येत नाही, अश्लील मजकुरासारखे अपवाद वगळता. इतर वाहिन्यांच्या बाबतीत हा निर्बंध उलट बाजूने परिषदेवर आहे : कंपनीने अमुक एक वाहिनी दाखवावी किंवा दाखवू नये असे सांगण्याचा अधिकार परिषदेला नाही. आवडती वाहिनी बंद झाली म्हणून नगरसेवकाकडे धाव घेणाऱ्या नागरिकाला रिकाम्या हाताने परतावे लागते ते यामुळे. एखाद्या वस्तीतील लोकांचे उत्पन्न कमी आहे म्हणून तिला सेवा नाकारली जाऊ नये, याची खात्री करून घेण्याची जबाबदारी मात्र कायद्याने प्राधिकरणावर टाकली.

स्थानिक प्राधिकरणाचे खरे बळ कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी दिसते. करार संपण्याच्या ३६ महिने आधीपासून सहा महिन्यांचा जो कालावधी सुरू होतो, त्यात कंपनीने लेखी मागणी केल्यास प्राधिकरणाला औपचारिक प्रक्रिया सुरू करावीच लागते. पहिल्या टप्प्यात समाजाच्या पुढील गरजा कोणत्या आहेत आणि कंपनीचे मागील काम कसे होते, याची जनसुनावणी होते. मग कंपनी प्रस्ताव देते. तो नाकारायचा असल्यास चारच प्रश्न विचारात घेता येतात : कंपनीने जुन्या कराराचे व कायद्याचे भरीव पालन केले का, तक्रारींना व बिलांना दिलेला प्रतिसाद धरून तिची सेवा समाजाच्या गरजांच्या मानाने वाजवी होती का, आश्वासने पार पाडण्याची आर्थिक, कायदेशीर व तांत्रिक क्षमता तिच्याकडे आहे का, आणि खर्चाचा विचार करता तिचा प्रस्ताव भावी गरजा भागवण्यास पुरेसा आहे का. यात एक अट अशी आहे की, कंपनीच्या कसुरीची सूचना तिला आधी देऊन सुधारण्याची संधी दिलेली नसेल, तर ती कसूर नकाराचे कारण होऊ शकत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे तक्रारी ऐकून घेणाऱ्या पण त्यांची नोंद न ठेवणाऱ्या परिषदेकडे सुनावणीच्या दिवशी पुरावा उरत नाही. प्रत्यक्षात बहुतेक नूतनीकरणे या पायरीपर्यंत जातच नाहीत आणि अनौपचारिक वाटाघाटींत मिटतात. पण त्या वाटाघाटींत कोणाचे पारडे जड राहील, हे तक्रारींच्या वहीवरच बरेचसे ठरते.

दरांच्या बाबतीत स्थानिक अधिकार लाटेसारखा वरखाली झाला. १९८४ च्या कायद्याने ‘परिणामकारक स्पर्धा’ असलेल्या ठिकाणी दरनियंत्रण १९८६ च्या अखेरीपासून उठवले. आणि अँटेनावर तीन केंद्रे दिसली तरी स्पर्धा आहे, असे आयोगाने ठरवल्यामुळे जवळजवळ सगळा देशच त्यातून सुटला. दर भराभर वाढले, आणि १९९२ मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांचा नकाराधिकार डावलून नवा कायदा केला. त्यांच्या कारकिर्दीत डावलला गेलेला हा एकमेव नकाराधिकार होता. स्थानिक प्रक्षेपण केंद्रे व सार्वजनिक वाहिन्या ज्यात असतात त्या मूलभूत संचाचा दर तपासण्याचे काम आयोगाकडून प्रमाणपत्र घेतलेल्या स्थानिक प्राधिकरणांकडे आले. वरच्या संचांचा दर आयोगाने पाहायचा होता. वरच्या संचांवरील हे नियंत्रण ३१ मार्च १९९९ रोजी संपले. पुढे उपग्रह सेवा सर्वत्र पोहोचल्यावर, स्पर्धा आहेच असे गृहीत धरण्याचे आयोगाने २०१५ मध्ये ठरवले, आणि नसल्याचे सिद्ध करण्याचा भार शहरांवर टाकला. मॅसॅच्युसेट्समध्ये व हवाईच्या एका भागात उरलेले नियंत्रणही, इंटरनेटवरून मिळणारी चित्रवाणी ही स्पर्धाच आहे या आधारावर, २०१९ मध्ये गेले.

१९९२ च्याच कायद्याने एकाधिकार देणाऱ्या फ्रँचाइझवर बंदी घातली. ग्राहकसेवेचे किमान निकषही त्यातूनच आले, आणि ते अमलात आणण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे आहे : सर्वसाधारण परिस्थितीत ९० टक्के वेळा फोन ३० सेकंदांत उचलला जावा, नेहमीची जोडणी सात कामकाजी दिवसांत मिळावी, सेवा खंडित झाल्यास २४ तासांच्या आत दुरुस्ती सुरू व्हावी, आणि तंत्रज्ञ येण्याची वेळ फार तर चार तासांच्या पट्ट्यात सांगितली जावी. हे निकष पाळले जावेत म्हणून करारात बहुधा हमी-रक्कम व ठरीव नुकसानभरपाई यांची कलमे असतात. करार रद्द करणे हे टोकाचे शस्त्र कागदावर असते, पण ते उगारले तर ग्राहकांचेच पडदे काळे होतात, म्हणून दररोज लागू होणारा लहान दंड अधिक उपयोगी पडतो.

कराराची भाषा किती काटेकोर असावी लागते, हे न्यूयॉर्क शहराच्या अनुभवावरून दिसते. व्हेरायझन कंपनीशी २००८ मध्ये झालेल्या करारानुसार ३० जून २०१४ पर्यंत शहरातील सर्व घरांपर्यंत प्रकाशतंतूंचे जाळे पोहोचायचे होते. मुदत उलटल्यावर शहराने २०१५ मध्ये केलेल्या तपासणीत हे झाले नसल्याचे म्हटले. कंपनीचा बचाव असा होता की, घरासमोर किंवा जवळून तंतू गेला की आपली अट पूर्ण झाली, इमारतमालकांनी आत येऊ दिले नाही तर तो आपला दोष नव्हे. म्हणजे वाद अखेर ‘घर पार करणे’ या अर्थाच्या एका क्रियापदावर येऊन ठेपला. शहराने २०१७ मध्ये दावा दाखल केला आणि २०२० च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. तिच्यानुसार आणखी ५ लाख घरांपर्यंत जाळे नेण्याचे कंपनीने कबूल केले.

कंपनी विकली जाते तेव्हाही करारात तशी अट असल्यास हस्तांतरासाठी प्राधिकरणाची संमती लागते. आवश्यक माहितीसह अर्ज आल्यापासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर संमती मिळाली असे मानतात. पोर्टलंडने ही संधी साधून १९९८ मध्ये, टीसीआय ही केबल कंपनी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या ताब्यात जात असताना, केबलवरील वेगवान इंटरनेटसाठी इतर सेवादात्यांनाही तार खुली करावी अशी अट घातली. अपील न्यायालयाने २००० साली ती रद्द केली. ही सेवा म्हणजे केबल सेवाच नव्हे, सबब फ्रँचाइझ प्राधिकरणाचा तिच्यावर अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आयोगाने २००२ मध्ये तिला माहिती सेवा ठरवले. तिचे वर्गीकरण नंतरही बदलत राहिले, पण ती केबल सेवा कधीच मानली गेली नाही. रस्त्याखालून जाणारी तार तीच असूनही तिच्यातील एका प्रवाहावर शहराचा हक्क आणि दुसऱ्यावर नाही, अशी विचित्र स्थिती तेव्हापासून आहे.

टेलिफोन कंपन्या दूरचित्रवाणीच्या व्यवसायात उतरल्या, तेव्हा गावोगाव वाटाघाटी करणे त्यांना जाचक वाटले. टेक्सासने २००५ मध्ये राज्यस्तरीय फ्रँचाइझची सोय केली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया, इंडियाना, न्यू जर्सी इत्यादी राज्यांनी तोच मार्ग धरला. शुल्क शहरांनाच मिळत राहिले, पण अटी ठरवण्याचा अधिकार गेला. जेथे स्थानिक करार टिकले तेथे आयोगाने नव्या अर्जांवर ९० किंवा १८० दिवसांची मुदत घातली. आयोगाच्या २०१९ च्या आदेशाने तर कंपनी शहराला फुकट पुरवत असलेल्या अनेक सेवांचे मूल्यही ५ टक्क्यांच्या मर्यादेत धरले. युजीन (ऑरेगन) व इतर शहरांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २०२१ मध्ये न्यायालयाने आदेशाचा मोठा भाग कायम ठेवला, मात्र असे मूल्य बाजारभावाने न धरता कंपनीला येणाऱ्या वाढीव खर्चाने धरावे, असे ठरवले.

ग्राहक केबलचा संच सोडून इंटरनेटवरून कार्यक्रम पाहू लागल्याने शुल्काचा पायाच आक्रसत आहे, आणि सार्वजनिक वाहिन्यांची अनेक केंद्रे ज्या पैशावर चालतात तोही त्यातलाच आहे. उपग्रह सेवेला तर १९९६ च्या कायद्याने स्थानिक करांतून व शुल्कांतून सूटच दिलेली आहे. काही शहरांनी नेटफ्लिक्स व हुलू यांच्याकडून ५ टक्के मिळवण्यासाठी दावे केले. ओहायोतील मेपल हाइट्स शहराच्या अशा दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शहराविरुद्ध मत दिले. या कंपन्या स्वतः रस्त्यात तारा टाकत नाहीत, दुसऱ्यांच्या तारांवरून आलेल्या इंटरनेटचा वापर करतात, त्यामुळे राज्याच्या कायद्यानुसार त्यांना चित्रसेवेची परवानगी घेण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले.