गोथेनबर्गची ट्राम आणि बोट: पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या आरंभी स्वीडनला पश्चिमेच्या समुद्राकडे जायला एकच फट होती, 'येता' नावाच्या नदीचे मुख. त्याच्या उत्तरेचा किनारा नॉर्वेचा, दक्षिणेचा डेन्मार्कचा, आणि दोन्हीकडे राजा एकच. १६१२ मध्ये डॅनिशांनी मुखावरचा एल्व्सबोर्ग किल्ला घेतला. तो सोडवायला स्वीडनने दहा लाख रिक्सडालर (तेव्हाची चांदीची नाणी) मोजले. शेवटचा हप्ता १६१९ मध्ये फिटला. दोनच वर्षांनी राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने नव्या शहराला सनद दिली. तेच गोथेनबर्ग.

जागा मोक्याची, पण जमीन दलदलीची, खाली खोलवर मऊ चिकणमाती. अशा जमिनीवर शहर उभे करायची विद्या डचांकडे, म्हणून डच बोलावले गेले; सुरुवातीच्या नगरपरिषदेतही त्यांचाच वरचष्मा होता. त्यांनी कालवे खणले, भोवती नागमोडी खंदक काढला. मुख्य कालवा आणि खंदक अजून आहेत, त्यांतून पर्यटकांच्या 'पाडान' बोटी फिरतात. एक पूल इतका बुटका, की त्याखालून जाताना सगळे बाकावरून उतरून तळाशी बसतात. बाकीचे कालवे १९०० च्या आगेमागे बुजवले. ऑस्ट्रा आणि वेस्ट्रा हामनगाटान हे रस्ते एवढे ऐसपैस का, तर ते मुळात पाणी होते.

कालव्याकाठचे आजचे शहर संग्रहालय ही मूळची स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची वास्तू. कंपनी १७३१ ते १८१३ चालली. मुख्य धंदा चीनमधल्या कँटन बंदरातल्या चहाचा, पण काही जहाजे सुरतेलाही आली. १७५० मध्ये निघालेल्या 'येता लेयॉन' जहाजावरचा पाद्री ऊलॉफ तोरेन याने त्या प्रवासाची हकिकत स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसला पत्रांतून कळवली. ईस्ट इंडिया कंपनी म्हटले की आपल्याला एकच आठवते, म्हणून मुद्दाम सांगितले.

घोड्यांची ट्राम आली १८७९ मध्ये, विजेची १९०२ मध्ये. खरी गोष्ट आहे ती टिकली कशी याची. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनने रस्त्यावरची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. एका रात्रीत बसचे, ट्रामचे दरवाजे भलत्या बाजूला! स्टॉकहोमने शहरातल्या जवळपास सगळ्या ट्राम गुंडाळल्या. त्यांच्या हाताशी १९५० पासून मेट्रो होती. गोथेनबर्गकडे ती नव्हती. उलट त्याच सुमारास त्यांनी आंगेरेडसारख्या नव्या उपनगरांकडे स्वतंत्र रुळांवरून जलद ट्राम न्यायला घेतली. त्याच मार्गावरचे हामरकुलेनचे स्थानक तर खडकाच्या पोटात आहे. आज स्कँडिनेव्हियातले सर्वांत मोठे ट्रामजाळे इथले. मार्गाला क्रमांकासोबत रंगही असतो: ५ लाल, ११ काळा. ब्रुन्सपार्केन थांब्यावर बहुतेक मार्ग भेटतात. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, चुकले तरी पुन्हा तिथेच येता येते.

बोटीचे कारण नदीपलीकडे, हिसिंगेन बेटावर. तिथे येतावेर्केन, एरिक्सबेरी, लिंडहोल्मेन अशा जहाजबांधणीच्या मोठ्या गोद्या होत्या. १९७० च्या दशकातल्या मंदीने त्यांचे कंबरडे मोडले; एरिक्सबेरी १९७९ मध्ये बंद पडली, तिची नारिंगी क्रेन तेवढी ठेवली आहे. गोद्यांच्या जागी घरे, कॉलेजे, कचेऱ्या आल्या आणि नदी ओलांडणे हे रोजचेच काम झाले. शहराच्या मधोमध ट्रामसाठी पूल एकच. १९३९ चा 'येता' पूल मोठे जहाज आले की उघडावा लागे. २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेला हिसिंगेन पूल त्याहून बुटका, तोही वर उचलावा लागतो, आणि तेवढा वेळ ट्राम खोळंबते. म्हणून बोट: शहराच्या बाजूच्या स्टेनपिरेन धक्क्यावरून पलीकडच्या लिंडहोल्मेनला काही मिनिटांत जाता येते.

दक्षिणेकडच्या बेटांचेही तसेच. ११ नंबरची ट्राम साल्टहोल्मेन धक्क्यापर्यंत जाते, पुढे ब्रेन्नो, स्टिर्सो, व्रोंगोला बोट. बेटांवर खासगी मोटारींना मज्जाव आहे, सामानसुमान मोपेडच्या गाड्यांवरून जाते. ट्राम, बस आणि या बोटी, सगळे वेस्टट्राफिक या सार्वजनिक कंपनीच्या अखत्यारीत, त्यामुळे ट्रामचे तिकीट मुदत संपेपर्यंत बोटीतही चालते.