'पार्त्सिफाल': न विचारलेल्या प्रश्नाची गोष्ट

जर्मन संगीतकार वाग्नरचा 'पार्सिफाल' हा ऑपेरा १८८२ साली बायरॉइथला रंगमंचावर आला आणि ही कथा त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ काव्य मात्र त्याआधी जवळपास पावणेसातशे वर्षांचं आहे.

वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीने साधारण १२०० ते १२१० या दशकात 'पार्त्सिफाल' रचलं. जवळजवळ २५ हजार ओळी, दोन-दोन ओळींना यमक. काळ ठरवायला एक धागा काव्यातच सापडतो: घोड्यांनी तुडवलेल्या रानाचं वर्णन करताना कवी म्हणतो, एर्फुर्ट या जर्मन शहराच्या द्राक्षमळ्यांत अजून अशाच खुणा दिसतात. एर्फुर्टला वेढा पडला होता १२०३ साली.

तेव्हा जर्मन दरबारांना फ्रेंच वीरकथांचं वेड होतं. थुरिंगियाच्या हेर्मानसारखे आश्रयदाते कवींना पोसत. वोल्फ्रामने उचललेली कथा क्रेतियां द त्रुआ या फ्रेंच कवीची, तीही अपुरी राहिलेली. त्याने ती पुरी केली, पण मला थोर वाटतो तो त्याने केलेला एक बदल.

रानात वाढलेल्या पार्त्सिफालला एका वृद्ध सरदाराने शिकवलेलं असतं, फार प्रश्न विचारू नयेत. ग्रेल ही या कथांमधली चमत्कारी पवित्र वस्तू; तिच्या गडावर जखमेने तळमळणारा राजा समोर असूनही तो शिष्टाचार पाळून गप्प बसतो आणि त्यापायी पुढे वर्षानुवर्षं भटकतो. क्रेतियांच्या कथेत विचारायचं राहून गेलं ते एवढंच: गडावर समोरून नेलेल्या भाल्यातून रक्त का ठिबकतं, ग्रेलमधून कोणाला वाढतात? वोल्फ्रामचा नायक शेवटी परत येऊन विचारतो, "मामा, काय होतंय तुम्हाला?" आणि राजा बरा होतो. कुतूहलाच्या जागी विचारपूस आली. 'मामा' हा शब्दही अगदी चपखल, कारण मूळ जर्मन शब्दाचा अर्थ आईचा भाऊ असाच आहे.

धर्मयुद्धांच्या त्या काळात वोल्फ्रामने नायकाला एक सावत्र भाऊही दिला. फायरफित्स हा एका कृष्णवर्णी राणीचा मुलगा, अंगावर काळे-पांढरे चट्टे असलेला, ख्रिस्ती नसलेला. एकमेकांना न ओळखता दोघे लढतात. पार्त्सिफालची तलवार मोडते, तेव्हा निःशस्त्रावर वार नको म्हणून फायरफित्स आपलीही तलवार फेकून देतो. पुढे तो बाप्तिस्मा घेतो, ग्रेल वाहणाऱ्या राजकन्येशी लग्न करतो आणि तिला घेऊन पूर्वेकडे परततो. तिथे, भारतात, त्यांना मुलगा होतो: योहान. पूर्वेकडच्या ज्या धर्मगुरू-राजाच्या कथा तेव्हा युरोपभर फिरत होत्या, तोच हा.