माऊसचं चाक नीट स्क्रोल होत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी हे वाचा

पेज खाली नेताय आणि ते मध्येच वर उडी मारतंय, किंवा चाक फिरतंय पण स्क्रीन ढिम्म हलत नाही, अशी तक्रार घेऊन दुकानात आलेला माणूस पहिलं हेच विचारतो की नवीनच घ्यावा लागणार का. बऱ्याचदा नाही लागत. आत धूळ, केस आणि हाताचं तेल यांचा राडा झालेला असतो, तो काढला की चाक पुन्हा सरळ चालतं आणि हे काम घरच्या घरी होतं, म्हणून हे पत्रक.

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे नीट चालला तर माऊसचा दोषच नाही. वायरलेस असेल तर सेल बदला, आणि त्याचा छोटा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३.० पोर्टात किंवा पेनड्राइव्हला अगदी खेटून असेल तर दुसरीकडे लावा, कारण रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३.० चा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे सिग्नल तुटतो. पेज सरकायच्या ऐवजी लहानमोठं होत असेल तर कीबोर्डचं कंट्रोल बटण अडकलंय, माऊसला उगाच दोष देऊ नका. फक्त एक्सेलमध्येच शीट सरकत नसेल तर फ्रीज पेन्स (वरच्या ओळी जागच्या जागी थांबवून ठेवायची सोय) तपासा, जास्त ओळी फ्रीज झाल्या की सगळी स्क्रीन त्यांनीच भरते आणि चाक फिरवून काही हललेलं दिसतच नाही. अकाउंटवाल्या मंडळींचे माऊस यासाठी बरेच येतात.

आता चाक आत कसं चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे नेमकं काय साफ करायचं ते कळेल. बहुतेक माऊसमध्ये चाकाचा दांडा शेजारच्या एका छोट्या डबीत घुसलेला असतो, तिला एन्कोडर म्हणतात. चाक फिरलं की डबीतल्या धातूच्या पट्ट्या घासत फिरतात आणि दोन सिग्नल निघतात, एक दुसऱ्याच्या किंचित मागे. कुठला आधी आला त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की वर जायचं का खाली. पट्ट्यांवर मळ किंवा गंज बसला की एखादा सिग्नल गळतो, क्रम उलटा वाचला जातो आणि पेज उलट्या दिशेला उडतं. आपल्या कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत हे जरा लवकरच होतं. काही माऊसमध्ये डबीच नसते, चाकाला खाचा असतात, एका बाजूने इन्फ्रारेड लाइट पडतो आणि दुसऱ्या बाजूचा सेन्सर तो मोजतो, तिथे एक केस आडवा आला तरी स्क्रोल अडखळतो. म्हणजे उलट उडी मारत असेल तर पहिला संशय एन्कोडरवर, आणि चाकच जड फिरत असेल किंवा एकाच जागी अडत असेल तर केस नाहीतर धूळ. चाक दाबून होणारा मधला क्लिक चालत नसेल तर ते वेगळंच स्विच असतं, साफसफाईने ते सहसा सुधारत नाही.

आधी न उघडता करून बघा. वायर काढा, वायरलेस असेल तर सेल काढा, माऊस उलटा धरून हाताच्या रबरी ब्लोअरने चाकाच्या फटीत हवा मारा (तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते) आणि चाक मिनिटभर दोन्हीकडे जोरात फिरवा. पट्ट्या एकमेकींवर घासून साफ होतात, कधीकधी एवढ्यावर काही आठवडे निघून जातात. चहा सांडला असेल तर मात्र उघडावाच लागेल.

उघडताना वॉरंटी आहे का ते बघा, असेल तर थांबा आणि कंपनीकडे द्या. नसेल तर स्क्रू शोधा, ते खालच्या स्टिकरखाली, तळाच्या गुळगुळीत घसरपट्ट्यांखाली नाहीतर सेलच्या खणात लपलेले असतात. घसरपट्टी हेअर ड्रायरने जरा गरम केली की न फाटता उचलली जाते. स्क्रू निघाले की झाकण हळू उचला, हिसका मारू नका, कारण वरच्या आणि खालच्या बोर्डाच्या मध्ये बारीक रिबन केबल असू शकते. चाक काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, चाकाखाली स्प्रिंग असते ती कशी बसली होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.

केस चिमट्याने काढा. चाक सुटं झालं तर साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. लाइटवाला प्रकार असेल तर इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन लाइट आणि सेन्सरची तोंडं पुसा. डबीवाला असेल तर डबीच्या फटीत त्याच अल्कोहोलचे एकदोन थेंब किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा (इलेक्ट्रॉनिक पार्ट साफ करायचा स्प्रे) अगदी छोटा फवारा सोडा, चाक बसवून दोन्हीकडे भरपूर फिरवा, अर्धा तास वाळू द्या, मगच सेल किंवा वायर जोडा. अल्कोहोल ९९ टक्केवालं घ्या, ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे गॅस आणि देवाच्या दिव्यापासून लांब बसा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि चिकट थर राहतो. आणि खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे हे तर अजिबात नको, चाक दोन दिवस मस्त फिरतं आणि मग तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट होतं, असे माऊस आमच्याकडे नेहमी येतात.

एवढं करूनही उड्या मारत असेल तर पट्ट्या झिजल्यात. एन्कोडर बदलता येतो, पण सोल्डरिंग लागतं आणि उंची मिलिमीटरमध्ये जुळावी लागते, ९ च्या जागी ११ चा टाकला की चाक वर येतं. साध्या वायरवाल्या माऊससाठी ही मजुरी परवडत नाही आणि आम्ही तसं तोंडावर सांगतो, नवीनच घ्या. महागडा गेमिंगचा किंवा डिझाईनच्या कामाचा असेल तर मात्र जरूर बदलून घ्या.

दुकानात आणताना रिसीव्हर विसरू नका, तो लॅपटॉपलाच राहतो आणि मग आम्हाला टेस्ट करता येत नाही. अर्धवट उघडलेला माऊस आणलात तरी चालेल, फक्त सुटे स्क्रू आणि ती स्प्रिंग एका पुडीत बांधून आणा, स्प्रिंग हरवली तर नेमकी तशीच दुसरी मिळणं कठीण जातं.